काकडीला बांधलेले खडे

चिरंजीव साहेबांस,

तुझी काकू लिहिते आहे, मी नुसती बडबडते. अक्षर नीटस दिसलं तर तिचं, बोलणं तिखट लागलं तर तुझ्या आजीचं.

तुमच्या सुपरमार्केटने काकाच्या काकड्या वाकड्या म्हणून परत पाठवल्या. माल पसंत करणारा साहेब आमचाच नातू, म्हणजे बोलायचीही चोरी! शेवटी मीच काकाला म्हटलं, "पडवळाला खडा बांधतात, तसा काकडीला बांध." अख्ख्या मांडवाला खडे लटकले. काकड्या सरळ झाल्या रे, अगदी तुझ्या भांगासारख्या. पण इतक्या लांबल्या की तुमच्या खोक्यात मावेनात. पुन्हा परत.

पूर्वी वाकडी काकडीसुद्धा बाजारात खपायची. तुमचं दुकान आलं आणि तो बाजारच उठला. काकाने टेम्पोभर काकड्या खड्ड्यात ओतल्या. आज तो मांडव सोडतो आहे. आता शेती नको, गोदामात कामाला जातो म्हणतो.

"काकाकडे जरा बघ," असं मी लिहायला सांगत होते, तेवढ्यात तो दारात आला. म्हणाला, "आई, नको. काकाचा माल घेतला म्हणून पोराची नोकरी जायची. घरात एकाचं तरी सुरळीत चालू दे."

म्हणून हे पत्र पाठवत नाही. सुट्टीला आलास की काका हसून बोलेल. त्याला शेताचं तेवढं विचारू नकोस, बाळा. पण तू दारात चप्पल काढता काढता पहिलं तेच विचारशील.

तुझी,
तोंडाळ आजी