कुणाच्या नावाचा थेंब

पिरोत, ३ नोव्हेंबर

प्रिय झार्को,

तुझा गुडघा आता जिने चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. कळलं ते अर्थात देसिमीरकडून. हल्ली तुझी खुशाली मला त्याच्याच तोंडून मिळते, तीही तो राकियाचा घोट घेऊन, मिशा पुसून सांगेल तेव्हा. ग्राझला लेकाकडे सुखात आहेस ना? इकडे लाल मिरच्या भाजून झाल्या, बरण्या भरल्या. एकट्याला इतक्या कशाला, ते विचारू नकोस.

स्तानियाच्या बारमध्ये काय झालं ते तुला तिखटमीठ लावून कळलं असेलच. आता माझ्याकडूनही ऐक.

देसिमीर इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सगळ्यांना स्वतःतर्फे एकेक प्याला मागवला.

"काय रे, लॉटरी लागली?" मी म्हटलं.

"त्याहून मोठं. बाप्तिस्म्याला झार्कोच्या नातवाचा धर्मपिता मी होणार. स्वतः फोन केला त्याने."

सगळ्यांनी ग्लास भिडवले. मी नाही भिडवला. मेलेल्यांसाठी सांडतो तसा एक थेंब जमिनीवर सांडला, मग प्यालो.

स्तानिया म्हणाली, "मिलिसावदादा, बाप्तिस्मा आहे, मयत नव्हे." देसिमीर पांढराफटक पडला. "तान्ह्या पोराच्या जिवावर उठलास होय रे?" एवढंच म्हणाला आणि टोपी उचलून निघून गेला.

मी सांगितलं, सवय हो. यंदा इतक्या जणांना पोचवलं, हाताला तेच वळण पडलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. पटलं कुणालाच नाही.

तेव्हापासून देसिमीर बारकडे फिरकलेला नाही. मी पत्ते पिसतो आणि ठेवून देतो. वाटलं होतं, तो नसला की बरं वाटेल. कसलं काय! बाहेर कुणी खाकरलं तरी दाराकडे बघतो. घरी जातो, तिथेही बसवत नाही, पुन्हा येतो.

तुझ्या आईच्या शवपेटीला खांदा मी दिला होता, झार्को. दुःखाला मी चालतो, आनंदाला देसिमीर, याचा राग आला. अजून आहे.

पण त्याला सांग, तो थेंब बाळासाठी नव्हता. बाळाला माझं उरलेलं आयुष्य लाभो. तो मी माझ्याच नावाने सांडला. म्हटलं, तुझ्या लेखी आपण गेलोच, आणि आपल्यामागे सांडणारं तरी कोण आहे?

बाप्तिस्म्याला नको बोलावूस हवं तर. देसिमीरला तेवढं परत पाठव.

अजून तरी जिवंत असलेला,
तुझा मिलिसाव