अम्माच्या आजाराची वाटणी

माझं डोकं फिरलंय असं गावभर सांगत सुटलेल्या माणसाने आधी एवढं सांगावं, की अम्मा आजारी होती तेव्हा मागच्या खोलीची खिडकी चिरे लावून कोणी बुजवली. खैरुद्दीन, माझ्या सख्ख्या भावा, तूच बुजवलीस. लोकांना तिचे हातपाय उडताना दिसू नयेत म्हणून. आता माझे उडायला लागले तर तू माझी जीभ बुजवायला निघालास. म्हणे कुबराचं काही मनावर घेऊ नका, ती भ्रमिष्ट झाली. म्हणूनच हे मृत्युपत्र आजच करते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की शुद्धीत नव्हती.

मी कुबरा, मरहूम सलाहुद्दीन परकार यांची बायको, वय एकावन्न, शिक्षण पाचवीपर्यंत, धंदा घरी बसून बायकांचे अबाया शिवण्याचा, राहणार अल नहदा, शारजा, मुलीच्या व्हिसावर. लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीत आहे आणि माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, ते काढलं. शंभरातून सात सात वजा करायला लावलं. मी म्हटलं, हे मला शाळेतसुद्धा येत नव्हतं, त्याचा दोष आजाराला देऊ नका. त्या हसल्या आणि सही केली. या आजारात चिडचिडही वाढते म्हणाल्या. मी म्हटलं, मी आधीपासून अशीच आहे, माझ्या भावाला विचारा.

माझा हात आता ओळीत चालत नाही, म्हणून समोरच्या फ्लॅटमधली सुहासिनी लिहून घेतेय. शब्द माझे आहेत. कायद्याचे शब्द तिचे.

कलम पहिले. मिळकत. भाड्याचा फ्लॅट माझा नाही. माझं म्हणजे गावच्या खाडीकाठच्या घरातला माझा हिस्सा, माझे दागिने, बँकेत आहे ते, आणि दोन शिलाई मशिनी. शरियतप्रमाणे एक तृतीयांशापुरतीच वसीयत करता येते, तीही वारसाच्या नावे नाही. बाकीच्यातलं अर्धं माझी मुलगी सुमैय्या हिचं, आणि मला मुलगा नसल्यामुळे उरलेलं भावाचं. भाई, तुझा हिस्सा मला काढता येत नाही. काढता आला असता तरी काढला नसता, पण विचार केला असता.

कलम दुसरे. तिसऱ्या हिश्शातून पहिलं काम, ती खिडकी उघडायची. चिरे काढायचे, गज बसवायचे नाहीत. का ते पुढे येईल.

कलम तिसरे. मोठी मशीन सुहासिनीला. ती म्हणते, मला शिवता येत नाही. मी म्हटलं, शीक.

कलम चौथे. तिसऱ्या हिश्शातलं बाकी सगळं माझा भाचा मुझम्मिल खैरुद्दीन मजगावकर याला. इकडेच देरा भागातल्या ट्रेडिंग ऑफिसात नोकरीला आहे, आणि पुढच्या महिन्यात सुमैय्याशी त्याचा निकाह आहे. त्याने ते कशासाठी वापरायचं, हे त्याला आधी काहीतरी सांगितल्याशिवाय कळणार नाही. ते सांगायचं काम त्याच्या बापाचं.

सुहासिनी म्हणते, हे मृत्युपत्रात येत नाही. मी म्हटलं, लिही. तुझे यजमान राजनभाऊ याचं अरबी भाषांतर करून घेणार आहेत ना, तेव्हा नको ते गाळा. मराठीत राहू द्या.

कलम पाचवे. वाटणी. अम्माने मागे ठेवलेल्यात घर होतं, दोन बांगड्या होत्या आणि हा आजार होता. घराच्या वाटणीत मुलाला दोन आणि मुलीला एक. आजाराच्या वाटणीत तसं नाही. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला येण्याचा आणि न येण्याचा संभव सारखाच, अर्धा अर्धा. मला आला म्हणून तू सुटलास असं होत नाही, भाई. प्रत्येकाचं वेगळं मोजतात. तुला नसेलही. नसो, मी दुआ करते. पण गेल्या रमजानात तू इथे आलास, तेव्हा नमाजीला उभा असताना तुझ्या पायाची बोटं मोज्याच्या आत सारखी वर खाली होत होती. अम्माचा पाय असाच सुरू झाला होता. नंतर कप सांडलास. मी फक्त बघितलं, तर तूच म्हणालास, "काय बघतेस? शुगर आहे मला."

"शुगरने पाय नाचतो?"

"तुला सगळीकडे अम्माच दिसते."

हो, दिसते.

आणि मग तुझं ते नेहमीचं. अठरा वर्षं गल्फमध्ये काढली, प्रत्येक व्हिसाच्या वेळी मेडिकल झालं, प्रत्येक वेळी फिट. मुझम्मिल फिट. आता निकाहाआधीच्या तपासणीचा कागदही फिट, त्याचा फोटो काढून तू कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलास, खाली लिहिलंस, अल्हम्दुलिल्ला, आता बोला. आपल्याकडे गल्फला जाणारा प्रत्येक माणूस याच भ्रमात असतो, मीही होते. शिक्का बसला की वाटतं, डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. मी मेडिकलच्या काउंटरवर जाऊन विचारून आले. व्हिसाला छातीचा फोटो काढतात आणि रक्तात ठराविक साथीचे रोग बघतात. निकाहाला आणखी चार गोष्टी. हा आजार त्यात नाही. घरात वंशाचा आजार आहे असं सांगितलं तरच त्याची वाट वेगळी, आधी सल्ला, मग रक्त. मुझम्मिलला तिथे विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला, कारण तू त्याला असं काही नाही असंच सांगत वाढवलंस. न तपासलेल्याचं उत्तर कागदावर कुठून येणार.

कलम सहावे. आजार काय आहे. हे लिहिते, कारण तू म्हणतोस जिन आणि गाव म्हणतं करणी. डॉक्टरीणबाईंनी मला तीन वेळा समजावलं, तिसऱ्यांदा माझ्या भाषेत कळलं. अंगातल्या प्रत्येक पेशीत, कपडा कसा बेतायचा त्याचा कागद असावा, तसं काहीतरी असतं. त्यात एका जागी तीच तीन अक्षरं परत परत येतात. निरोगी माणसात वीस-पंचवीस वेळा. चाळीसच्या वर गेली की आज ना उद्या आजार होतोच. माझ्यात चव्वेचाळीस वेळा आहेत, जन्मापासून. मग मी पंचेचाळीस वर्षं धडधाकट कशी राहिले? तेच मी विचारलं.

याचं उत्तर अलीकडच्या एका संशोधनात आहे म्हणाल्या. मेंदूतल्या काही पेशींत ती अक्षरं तेवढीच राहत नाहीत. कागद विरला की रफू करणारे कारागीर पेशीतच असतात. ते त्या जागी आले की गोंधळतात आणि रफू करता करता एखादा टाका जास्त घालतात. असं वर्षानुवर्षं वाढत दीडशेच्या आसपास गेलं, की मग ती पेशी भराभर बिघडते आणि मरते. तोवर ती ठीक चालते. हा एका बाजूचा दावा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, एवढं सोपं नाही, त्या कागदावरून जे खराब प्रथिन तयार होतं ते पहिल्यापासूनच थोडं थोडं विष घालत असतं. डॉक्टरांतही दोन तट आहेत. पण पहिल्यांचं खरं असेल तर त्या कारागिराचा हात थांबवायचं औषध निघू शकतं, आणि तरुण माणसाच्या पेशी मरायच्या आधीच त्या वाचतील. असं औषध आज नाही. शोधताहेत.

आणखी एक निघालंय. डोक्याला भोक पाडून मेंदूत औषध सोडतात, आजाराची चाल मंदावली म्हणतात. बातमी आली तेव्हा सुमैय्या रडत घरी आली. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, यल्ला, चला, पाडा भोक. त्या म्हणाल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांवर केलंय, तुलना जुन्या रुग्णांच्या नोंदींशी केलीय, म्हणून बरेच जाणकार म्हणतात थांबा, अजून पुरावा हवा. मी म्हटलं, त्यांना थांबायला काय जातं. त्या म्हणाल्या, "कुबराताई, तुमच्यासाठी कदाचित उशीर होईल. मुलांसाठी कदाचित नाही."

त्या दिवसापासून मला झोप नाही.

कलम सातवे. माझा मेंदू. वरचं सगळं कशावरून कळलं? मेलेल्या माणसांच्या मेंदूवरून, त्यांनी मागे ठेवला म्हणून. मेंदूतली ती वाढ जिवंतपणी रक्तात दिसत नाही. म्हणून माझा मेंदू मी संशोधनाला देते. सगळ्या मिळकतीत कोणाच्या उपयोगी पडेल अशी तीच एक वस्तू आहे. तो मेल्यावर काही तासांतच काढावा लागतो, विमानाने मय्यत पाठवून भागत नाही. हिंदुस्थानात एका शहरात ठेवून घेतात असं कळलंय. तेव्हा मला तिकडेच मरायला यावं लागेल. आजार वाढला की मी गावी येणार, मागच्या खोलीतच राहणार, आणि शेवट जवळ आला की मला त्या शहरात हलवायचं. म्हणून ती खिडकी. कोणाला माझे हातपाय बघायचे असतील तर बघू देत.

तू म्हणशील, मय्यतीला कापतात का. मी दोन मौलानांना विचारलं. एक नको म्हणाले. दुसरे म्हणाले, त्याने पुढे कोणाचा जीव वाचणार असेल तर वाट निघते. त्यांच्यातही दोन तट. मी दुसऱ्यांचं धरते. बाकी मी अख्खी आहे, नीट आंघोळ घालून गुस्ल द्या, नीट दफन करा.

कलम आठवे. सुमैय्या. तिने तपासणी केलेली नाही. "मला नाही कळून घ्यायचं मम्मी, इट्स माय चॉइस," म्हणाली. आधी मी भांडले. मग डॉक्टरीणबाईंनी मलाच झापलं, की जाणून घ्यायचा हक्क आहे तसा न जाणून घ्यायचाही आहे. बरं. माझ्यामागे तिला यासाठी कोणीही, कोणत्याही कारणाने छळू नये. पण माझा आजार काय आहे, तो तिला येऊ शकतो, हे तिने मुझम्मिलला स्वतः सांगितलं. निकाह मोडायचा तर मोड म्हणाली. तो काय म्हणाला ते, भाई, तू ऐक. आमच्या सोफ्यावर बसला होता. माझा हात उडत होता, तो त्याने धरून ठेवला आणि म्हणाला, "फुफी, टेन्शन नको. हिला काही झालं तर मी आहे ना. घरात एक जण तरी ठणठणीत असला की बस, खलास, निभावतं."

एक जण तरी ठणठणीत. तुझा मुलगा, भाई. आपण ठणठणीत या भरवशावर तो माझ्या मुलीला घेतोय, आणि तो भरवसा तू निकाहाआधीच्या त्या कागदावर उभा केलायस. अम्माला काय होतं हे त्याला माहीत नाही. त्याला वाटतं त्याची दादी म्हातारपणाने गेली. आजार माझ्यापासून सुरू झाला असं त्याला वाटतं. दोघांतही निघाला तर चार मुलांतली तीन. मूल होण्याआधी तपासून घेता येतं, चौथ्या कलमातला पैसा त्यासाठीच आहे, पण ज्याला ठाऊकच नाही तो कशाला तपासेल.

मी तिथेच सांगणार होते. जिभेवर आलं होतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुमच्या भावाची तपासणी झालेली नाही, तुम्ही पाय बघितला म्हणजे निदान नाही, आणि बापाचं बापाने सांगावं. म्हणून गिळलं. तू तपासणी कर असंही मी म्हणत नाही. नको करूस, तुझाही हक्क आहे. फक्त मुलाला समोर बसव आणि म्हण, अम्माला हाच आजार होता, तिची खिडकी मी बुजवली, मला असेल की नाही ठाऊक नाही. तीन वाक्यं आहेत. मग त्याने निकाह करावा, न करावा, तपासावं, न तपासावं. दोघं जाणून करणार असतील तर मी या उडत्या हातांनी मेंदी लावीन.

कलम नववे. या मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याला मी प्रत देणार. मुझम्मिलचं नाव चौथ्या कलमात आहे, ते मुद्दाम घातलंय. त्याची प्रत सुहासिनीकडे पाकिटात ठेवली आहे. डोकं फिरलेल्या बाईचं बोलणं तू उडवून लावशील, हा कागद उडवता येणार नाही, दाखला सोबत आहे. माझी जीभ आताच जड झालीय, फोनवर तू दोनदा "काय, काय" म्हणालास. अजून थोडे दिवस मला बोलता येईल. तेवढेच आहेत, ते मला गप्प राहण्यात घालवायचे नाहीत.

तू सांगितलंस तर ते पाकीट मी स्वतः फाडीन आणि पहिली ओळ बदलून घेईन. नाही सांगितलंस तर तुझा मुलगा ती पहिली ओळ वाचेल.

हे सगळं मला वाचून दाखवलं, मी ऐकलं आणि खाली सही केली. सही वाकडी आहे, ती माझीच आहे.

कुबरा सलाहुद्दीन परकार
ठिकाण: अल नहदा, शारजा
तारीख: ११ जानेवारी २०२६, रविवार

आमच्यासमोर सही केली, शुद्धीत आणि रागात:
साक्षीदार १. सुहासिनी राजन पेठे
साक्षीदार २. राजन पेठे (राग शब्द गाळावा असं माझं मत होतं, बाईंनी गाळू दिला नाही.)

प्रत: खैरुद्दीन मजगावकर, रत्नागिरी. भाई, निकाह १३ फेब्रुवारीला आहे. ३० जानेवारीच्या जुम्याच्या नमाजीआधी मुझम्मिलचा मला फोन यायला हवा, तुझा नाही. "फुफी, अब्बांनी सांगितलं," एवढंच त्याने म्हणायचं. सांगतोस की नाही?