अंगाचा वास

३ एप्रिल
आलो एकदाचे! संग्रहालयाच्या मागे दोन हवेशीर खोल्या, समोर जुन्या शहराची फरसबंद गल्ली, आणि नोकरी अशी की दिवसभर कपड्यांत लोळायचं. तळमजल्यावर दोनशे वर्षांपूर्वीचे झगे, वरच्या मजल्यावर आजची फॅशन. पुतळ्यांच्या अंगात कापूस भरून त्यांना कपडे चढवायचे, हे माझं काम. हे जहाजावर, म्हणून इथे मी आणि माझी पिटुकली दोघीच. तिने एकूण एक पुतळ्याला टाटा केला आणि नेहमीसारखी माझ्या मानेत नाक खुपसून झोपली. आईचा वास आल्याशिवाय बाईसाहेबांचा डोळा लागत नाही.

६ एप्रिल
मुख्य बाई भल्या आहेत, पण त्यांचा एक नियम ऐकून मी नाक मुरडलं: इथला कुठलाही कपडा धुवायचा नाही. आज एका श्रीमंत बाईचा मखमली झगा पुतळ्यावर चढवला. बाहेरून राजेशाही, आतून शी! काखेत घामाचे कडक पिवळे थर, गळ्याशी मेणासारखा मळ आणि त्यात चिकटलेला कातडीचा पापुद्रा. बाई म्हणाल्या, माणूस कपड्यात उरतो तो एवढाच, तोही धुऊन टाकला तर तो जाणार कुठे? मी मान डोलावली. घरी येऊन मात्र हात दोनदा घासले.

९ एप्रिल
राहवलं नाही. घाण दिसली की माझं डोकं फिरतं, हे आमच्याकडे सगळे जाणतात. बाई बाहेर जाताच झगा साबणाने खसाखसा धुतला. नळाचं पाणी गार होतं. झग्यातून निघालं ते तपकिरी, बुळबुळीत आणि कोमट. माझा निळा ड्रेस पार भिजला.

१० एप्रिल
बाईंना वासावरूनच कळलं. रागावल्या नाहीत, याचंच नवल वाटलं. म्हणाल्या, आता भरपाई म्हणून तुझा कालचा ड्रेस वरच्या मजल्याला दे, न धुता. एवढ्यावर सुटले म्हणून मी खूश! पुतळा माझ्याच मापाने भरला, त्याला ड्रेस चढवला आणि खिडकीतल्या बाकावर बसवला.

१२ एप्रिल
माझ्या अंगाला वास येतोय. माझा नव्हे. आंबट, मेणकट, झग्याचा. तीनदा आंघोळ केली. काखेत पिवळा थर धरलाय. नखाने खरवडला, खाली आणखी. भडभडून ओकले.

१४ एप्रिल
पिटुकली जवळ येत नाही. नाक दाबून विचारते, आई कुठे गेली. मीच आई, म्हटलं तर भोकाड पसरते. मानेचे पापुद्रे सुटतायत. उशीला चिकटतात. किळस येते स्वतःची—

१५ एप्रिल
वर गेले. निळ्या ड्रेसचा गळा हुंगला. माझा वास. माझा साबण, पिटुकलीची लाळ. काखा ओल्या. ड्रेस ओढला, निघेना. आत हात घातला. कापूस नाही. मऊ, ऊन—

१६
पिटुकली सापडेना. वर धावले. त्या पुतळ्याच्या मांडीवर, मानेत नाक खुपसून गाढ झोपलेली. हाक मारली. मला बघून किंचाळली. ही घाणेरडी बाई कोण, असं विचारलं तिने— मला नाही. त्याला. आई म्हणून.
दार लावून खाली बसलेय. वरून ऐकू येतंय. थोपटणं. मी थोपटते तसंच, हळू, आणि मग माझ्याच आवाजात तिला—