सोजरबाईंच्या नावाची दुर्बीण

पुणे, २९ मार्च २०२६

तीर्थरूप आबांस,
नात संस्कृतीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

कानाचं यंत्र अजून कपाटातच झोपलेलं असणार, म्हणून पत्र लिहिते. तुमच्याशी फोनवर बोललं की सगळं हॉस्टेल ऐकतं, फक्त तुम्ही ऐकत नाही.

तुम्ही आजीच्या नावानं दिलेली दुर्बीण परवा कॉलेजच्या गच्चीवर बसली. वर पांढरा घुमट आहे. तो हळूच सरकतो आणि आभाळाची एक फोड उघडी पडते. मी डोळा लावला तेव्हा खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते म्हणे, मला काहीच ऐकू आलं नाही. आपण कुठल्या गावात आहोत तेही थोडा वेळ आठवेना.

अठरा एप्रिलला, शनिवारी संध्याकाळी, विज्ञान शाखेचा गुणगौरव आणि देणगीदारांचा सत्कार आहे. माझ्या धूमकेतूच्या प्रकल्पालाही बक्षीस मिळालं आहे. दुर्बिणीशेजारी आजीच्या नावाचा दगड लागेल. निमंत्रणपत्रिका पोस्टानं येईल. दोघंही या. आजीचा काचबिंदू वाढतो आहे आणि डॉक्टर पुढची खात्री देत नाहीत, असं तुम्हीच लिहिलं होतंत. तिला आभाळ आत्ताच बघू दे.

लोभ असावा, आणि यंत्र कानात असावं.
आपली,
संस्कृती

लोणी काळभोर, ५ एप्रिल

चि. संस्कृतीस,
आबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

बक्षिसाचं वाचून गल्लीत पेढे वाटले. पत्रिकाही आली. पण आम्ही येणार नाही. रागावू नकोस, कारण सांगतो.

पत्रिकेत 'कै. सोजरबाई यांच्या स्मरणार्थ' असं छापलं आहे. मी ते वाचत होतो तेव्हा कैलासवासी बाई समोर बसून गवार मोडत होत्या. तुमच्या पुण्यात बायको जिवंत असताना तिच्या नावानं कुणी काही देत नसावं. पत्रिका मी गव्हाच्या कोठीमागं सरकवली.

एरवी मी हसलो असतो. पण तुला एक ठाऊक नाही. आमच्या लग्नात सप्तपदीनंतर भटजींनी भर दुपारी मांडवाच्या कापडाकडं बोट करून अरुंधती दिसली का म्हणून विचारलं, आणि आम्ही दोघांनी दिसली म्हणून टाकलं. पुढं मळ्यात राखणीला जायचो, तेव्हा तुझ्या आजीनं ती खरोखर शोधली. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून बारीकशी अरुंधती. तिला बघितल्याशिवाय आजी निजायची नाही. मग मळा विकला, तिथं इमारती आल्या, दिवे आले, आणि हिचे डोळेही मंदावले.

अरुंधती दिसेनाशी झाली की माणसाचे दिवस भरत आले, असं हिच्या आईनं हिला सांगितलेलं. दिवाळीपासून ही रोज गच्चीवर जाते, उत्तरेकडं बघते आणि न बोलता खाली येते. ते न बोलणं मात्र मला ऐकू येतं. दुर्बीण दिली ती त्यासाठीच. आता तिथंच तिला तिचं मरण कोरलेलं कसं दाखवू? मला भीती वाटते, बाळ.

माया आहे तशीच राहील.
तुझा,
आबा

पुणे, ९ एप्रिल

तीर्थरूप आबांस, सा. न.

तुमचं पत्र आमच्या खगोलशास्त्राच्या नम्रता मॅडमना दाखवलं. त्या ऑफिसात जाऊन आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. व्हरांड्यात देणगीदारांचे जेवढे दगड आहेत ते सगळे स्मरणार्थच आहेत, त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात आपसूक तसाच चालला. दगडही तसाच कोरून आलाय. नवा वेळेत होणार नाही, म्हणून तो त्या दिवशी कापडानं झाकून ठेवतील. प्राचार्य माफी मागायला फोन करणार होते, मीच म्हटलं उपयोग नाही.

काल आम्ही सगळी मुलं गच्चीवर नुसत्या डोळ्यांनी अरुंधती शोधत होतो. शहराच्या उजेडात कुणालाच दिसली नाही. म्हणजे आमच्या अख्ख्या वर्गाचे दिवस भरले म्हणायचे. दुर्बिणीतून मात्र दिसते, आबा. उंबऱ्यात कुणी दिवा लावून ठेवावा तशी, निवांत. मला तिथून हलावंसंच वाटेना.

आजीला आणा. तिला दगडाचं काही कळणार नाही, ते मी बघते. नाही म्हणू नका, एवढा लोभ करा.
आपली,
संस्कृती

लोणी काळभोर, २० एप्रिल

चि. संस्कृतीस आजीचा आशीर्वाद.

हे माझ्या हातचं हाय, अक्षराला हसू नको. आबांना सांगितलेलं नाय.

ती पत्रिका मला तवाच सापडली. कोठीमागं झाडू मीच मारते, ह्यांना काय ठावं. वाचून झाडू तिथंच टाकला. जेवण जाईना. तुझं दुसरं पत्र आलं तरी ह्यांचं ठरंना, तवा मीच हट्ट धरला, पोरीच्या बक्षिसाला जायचं. मनात म्हटलं, आपल्याच नावाचा कार्यक्रम हाय, बघून तरी येऊ.

तुझ्या बक्षिसाला टाळ्या वाजवून माझे हात लाल झाले. मग ते पाव्हणे भाषणाला उठले. त्यांना कुणी सांगितलं नसावं. त्यांनी माझ्यासाठी सगळ्यांना गप उभं राहायला लावलं. तुझ्या मॅडम पांढऱ्याफटक. आबांना ऐकूच आलं नाय, ते बसूनच. मीच त्यांना दंडाला धरून उठवलं. एवढी शिकलेली माणसं माझ्यासाठी मान खाली घालून उभी, पंखा तेवढा फिरतोय. मी पण डोळे मिटून उभी राहिले. बरं वाटलं गं. हे कुणाला बघायला मिळतं?

वर तू डोळा लावायला सांगितलंस तवा आधी नुसतं पाणी-पाणी. मग वसिष्ठ आला. मग ती आली. मी बोलेना म्हणून तुम्ही घाबरलात, पण मी बघत होते. खालून मला वाटायचं, दोघं खेटून हायेत. केवढी जागा हाय गं मधे. तरी सोबत सुटलेली नाय. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते, मांडवात बघत होते तसेच. मी म्हटलं, दिसली. ह्या वेळी खरंच.

उतरताना मी दगडावरचं कापड जरा सारून बघितलं. कोरीव काम चांगलं झालंय. नवा बसवा, पण जुना फोडू नका म्हणावं मॅडमना. धडका दगड वाया कशाला घालवायचा? कोपऱ्यात उभा करून ठेवा, कधीतरी लागंलच. घाई नाय.

आठवण ठेव, सुट्टीला ये.
तुझी आजी,
सौ. सोजरबाई