बुधवारचा स्वयंपाक

चिखली
दि. ९ जानेवारी २०२५

चि. निशिगंधा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पुस्तकाची पानं सोमवारी मिळाली. इकडे ठीक आहे. थंडी बरी आहे. बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या आहेत. नळाला आठ-दहा दिवसांनी का होईना, पाणी येतं. माझा गुडघा आहे तसाच आहे. निवृत्त झालो तरी सकाळी एसटी डेपोत एक चक्कर होते आणि चहा तिथेच होतो. मेहकरची गाडी अजूनही उशिरानेच सुटते.

पानांसोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस, "दाजी, ताईबद्दलचं वाचून फक्त हो म्हणा, म्हणजे छापायला देते." रविवारपर्यंत उत्तर मागितलं आहेस. पोळ्याच्या सुमारास तुझी ताई जयमाला गेली, त्यानंतर तू मला पहिल्यांदाच काही विचारलंस, म्हणून लगेच हो कळवणार होतो. तसं करता आलं नाही. फोनवर मला बोलणं जमत नाही हे तुला माहीतच आहे, म्हणून लिहितो आहे.

आधी लहान गोष्टी. तू लिहिलंस की आई गेल्यावर सुलतानपूरहून चिखलीला ताईकडे आलीस तो तुझा पहिला प्रवास, आणि मांडीवर धपाट्यांचा डबा होता. धपाटे नव्हते, पुऱ्या होत्या. तुझे वडील पंजाबराव स्वतः तुला सोडायला आले होते आणि मेहकरला गाडी बदलताना तू रडलीस. ते लिहायचं की नाही तू ठरव. आमच्या स्वयंपाकघरात तू भाकरी थापायला शिकलीस ते बरोबर आहे. पीठ जुनं असेल तर उकळत्या पाण्यात मळावं हे जयमालाने तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तेही बरोबर. पुढे तू देशभर फिरलीस, खाण्यावर सदर लिहू लागलीस, त्यातलं मला काही कळत नाही. पण वाचायला चांगलं वाटलं. जयमाला असती तर तिने दोनदा वाचून घेतलं असतं.

आता त्या पानाबद्दल.

तू लिहिलं आहेस, "ताई शेवटपर्यंत चवीने खात राहिली. गेली त्या दुपारीही तिच्या घरात पातोडीचा रस्सा शिजला होता." रस्सा शिजला होता हे खरं आहे. शेजारच्या मनकर्णाबाईंनी तुला तेवढंच सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण तो मी शिजवला होता आणि मीच खाल्ला होता. जयमालाने होळीनंतर तोंडाने काही खाल्लं नव्हतं.

तिच्या अन्ननलिकेत गाठ होती. आधी भाकरी अडकायची, मग भात, मग पाणीसुद्धा. संभाजीनगरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन होण्यासारखं नाही असं सांगितलं. नाकातून नळी घातली. मी नळीतून पातळ वरण, दूध, नाचणीची पेज द्यायचो. हे तुला कोणीच सांगितलं नाही, कारण तिने बजावलं होतं. "तिले सांगू नका," ती म्हणाली. "तिचं पुस्तक होऊन राह्यलं. आयकलं की सगळं टाकून येईल अन् माह्या उशाशी बसून राहील. पुस्तक झाल्यावर सांगा. रडल, पण पुस्तक त राहील."

मे महिन्यात तू येते म्हणालीस, तेव्हा तिने तुला ऊन आणि पाणीटंचाई सांगून थांबवलं. फोनचा कॅमेरा बिघडला म्हणाली, तो बिघडला नव्हता. आवाज बसला होता तो सर्दीने नाही.

तुझ्या सदराखालच्या "रोजच्या स्वयंपाकातल्या युक्त्या" दर बुधवारी ती तुला फोनवर सांगायची, त्या काळातही. तुला वाटायचं, ती ओट्याशी उभी राहून बोलते आहे. तिची खाट मी स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली होती. बुधवारी सकाळी ती मला एक पदार्थ करायला लावायची. मला तोवर चहाशिवाय काही येत नव्हतं. ती पडल्या पडल्या वासावर सांगायची. "कांदा लाल करू नका, गुलाबी ठेवा." "जिरं जळून राह्यलं, उतरवा!" नाक तिचं शाबूत होतं. मग मी ताट घेऊन तिच्यासमोर बसायचो. ती विचारायची, "आधी तिखट लागते का आधी आंबट?" "मागून काही उरते का जिभेवर?" मी सांगेन त्यावरून ती दुपारी तुला सांगायची.

मला तेव्हा खूप संकोच वाटायचा. तिच्या पोटात नळीने पेज आणि मी समोर बसून भाकरी मोडणार. एकदा मी म्हटलं, मी आत जाऊन खातो. तर म्हणाली, "मंग मले काय कळन? खा न इथंच. चावल्याचा आवाज तरी येऊ द्या."

माझी जीभ कशी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला सगळंच चांगलं लागतं. ती चिडवायची, "तुमच्या जिभेले काय इचारा! कढी म्हणून ताक देलं असतं त तेही पिऊन ढेकर देला असता." आणि तरी विचारायची, कारण दुसरी जीभ घरात नव्हती.

पहिल्यांदा पातोडी केली तेव्हा तेच झालं. बेसनाच्या वड्यांत मीठ असतं आणि उकळीत ते रश्श्यात उतरतं, म्हणून रश्श्यात मीठ कमी घालायचं, हे तिला झोपेतही माहीत होतं. पण त्या दिवशी तिला ताप होता आणि ते सांगायचं राहून गेलं. मी दोन्हीकडे पुरेपूर घातलं. तिने विचारलं, मीठ कसं आहे? मी म्हटलं, छान आहे. तसंच तुझ्या सदरात छापून आलं.

पुढच्या आठवड्यात तुझा फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच होतो. तू हसत होतीस. "ताई, लोकायचे मेसेज येऊन राह्यले! रस्सा खारट झाला म्हणे. म्हातारी झाली तू आता!" तीही हसली. नाकात नळी असताना हसायला फार त्रास होतो. फोन ठेवल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "तिची बदनामी नको व्हायला माह्यापायी."

तू पानात लिहिलं आहेस की शेवटी शेवटी ताई साठवणीच्या गोष्टी सांगू लागली, जशी काही पुढच्या दिवसांची तयारी करत होती. तयारी नव्हती, निशिगंधा. ज्यात चव घ्यावी लागत नाही असंच तिने तेव्हापासून निवडून सांगितलं. कढीपत्ता फडक्यात कसा गुंडाळावा. जवस भाजताना वर झाकण ठेवावं, नाहीतर घरभर उडतं, आणि गार झाल्याशिवाय कुटू नये. अंबाडी उकडून पहिलं पाणी फेकावं. त्यात चूक होण्यासारखं काही नव्हतं.

तुझा यात दोष नाही. तुला माहीत नव्हतं. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. पण ते वाक्य तसंच छापलं आणि नंतर कोणाकडून तुला कळलं, तर तू स्वतःचं पुस्तक हातात घेणार नाहीस.

ती गेली त्या दुपारचा रस्सा तिनेच पुन्हा करायला लावला होता. म्हणाली, "या वेळी मीठ मी सांगतो तेवढंच टाका." मी खाल्ला. तिने विचारलं. मी म्हटलं, वड्या खाल्ल्यावर रस्सा बरोबर लागतो. तिने मान हलवली. फोन बुधवारी करायचा होता. तो झाला नाही.

आता जे मला लिहिता येत नव्हतं ते लिहितो. तू पुण्याहून निघालीस आणि वाटेत मला फोन करत राहिलीस, थांबा म्हणून. मी थांबलो नाही. तू आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात चार माणसांसमोर तू म्हणालीस, "दाजी, काऊन थांबले नाही तुम्ही? चार घंटे जड झाले का तुमाले?" हृदय बंद पडलं, याशिवाय मी काहीच सांगितलं नाही. ती अगदी वाळून गेली होती. नाकाशी नळीची जखम होती. तू एकदा पाहिलं असतंस तर सगळं समजली असतीस, आणि पुस्तक तिथेच थांबलं असतं. म्हणून मी घाई केली. नातेवाईक थांबू म्हणत होते, मीच नको म्हटलं.

त्या संध्याकाळी कडू घास तू द्यायचा होतास. माणूस गेल्यावर घरातल्यांना पहिला घास सोयऱ्यांनी भरवायचा ही आपल्याकडची रीत, आणि जयमालाच्या माहेरचं आता तुझ्याशिवाय कोणी नाही. मनकर्णाबाईंनी पिठलं-भाकरीचा डबा तुझ्या हातात दिला. तू तो ओट्यावर ठेवलास आणि गाडीत बसलीस. मनकर्णाबाईंनीच मग मला भरवलं. मी खाल्लं. तेव्हापासून जेवतो, पण फोडणी घालत नाही. घालायला घेतो आणि तेल तापलं की गॅस बंद करतो. का ते मला सांगता येत नाही.

तर तू विचारलंस त्याचं उत्तर नाही असं आहे. ते वाक्य छापू नकोस. तिने पुस्तक झाल्यावर सांगा म्हटलं होतं, मी छापायच्या आधी सांगतो आहे. तिला हे आवडलं नसतं. दुसरं काय लिहायचं, नळीचं लिहायचं का, की तिथे काहीच लिहायचं नाही, ते सर्वस्वी तुझ्यावर. युक्त्या मात्र काढू नकोस. पातोडीचं मीठ तेवढं दुरुस्त कर.

माझ्यावर रागावली असशील तर रागाव, पण इथे येऊन रागाव. सकाळच्या गाडीने निघालीस तर संध्याकाळपर्यंत पोचशील. मी स्टँडवर असेन.

तू दाजी म्हणायचीस. ते अजून चालत असेल असं समजून खाली सही करतो. नसेल, तर नुसतं नाव वाच.

तुझा दाजी,
ज्ञानेश्वर