दुसऱ्या मजल्यावरचे निळे कपाट

मी, नझीहा दाऊद सव्वाफ, राहणार जाफा, तिसरा मजला, समुद्राच्या बाजूचे घर (समुद्र आता नव्या इमारतीमागे गेला, पण घर घेताना दिसत होता, म्हणून तसेच लिहावे), हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कुणाचा धाक नसताना सांगत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाई सिरीन मन्सूर म्हणाल्या. मला अक्षरओळख नाही. मी बोलते, त्या लिहितात आणि लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवतात. त्यांनी एक टोमणा सभ्यपणासाठी गाळून पाहिला. मी तो परत घालायला लावला.

यहुद्यांचा वल्हांडण सण संपला की सोमवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. आत काय सापडेल ते सापडेल. बाहेर जे आहे त्याची व्यवस्था अशी.

कलम १. मला माझे पती दाऊद यांच्या उजव्या अंगाला पुरावे. डावीकडे त्यांची आत्या आहे, आणि तिने जिवंतपणी आम्हा नवराबायकोला धड बोलू दिले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला कडू कॉफी व खजूर द्यावेत. मुलगा मुनीर याने भाषण करू नये.

कलम २. राहते घर मुनीर आणि मुलगी इब्तिसाम यांना सारखे वाटून. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो हे मला शेखसाहेबांनी सांगितले आहे. मी त्यांना विचारले, मुलाने माझ्या पायांना निम्मे तरी तेल चोळले का. ते म्हणाले, हा प्रश्न ग्रंथात नाही.

कलम ३. आमचा धंदा गाद्या-रजयांचा. दाऊदची कापूस पिंजायची पिंजण, माझी दाभणे आणि मोठी कात्री नात रूला हिला. ती चित्रकला शिकते आणि पिंजण भिंतीवर टांगायचा तिचा बेत दिसतो. टांगल्यास काढून घ्यावी. वर्षाकाठी एक रजई भरून दाखवली तर मग कुठेही ठेवू दे.

पहिल्या मजल्यावरच्या ग्रोसमान यांनी आमच्या कापसाने शिंका येतात म्हणून नगरपालिकेत तक्रार केली होती. पुढे नातीच्या लग्नाची रजई मात्र आमच्याकडूनच शिवून घेतली आणि शिंकत शिंकत घेऊन गेले. त्यांना माझी एक उशी द्यावी. माफ केले असे सांगू नये.

कलम ४. पोस्टातली ठेव माझी भाची नुहा हिला. ती गाझात आहे, तंबूत. तिची आई समीहा ही माझी धाकटी बहीण. तिला तिकडे दिली तेव्हा रस्ता मोकळा होता. सकाळी निघालेला पाहुणा तिच्याकडे दुपारी जेवायचा, आणि आमच्यापेक्षा तिच्या हातचे मासे बरे, असे आम्हाला ऐकवायला संध्याकाळी परत यायचा. गेल्या वर्षी वल्हांडणाच्याच आठवड्यात तिचे घर पडले. समीहा आत होती. पैसे आज तिकडे पोचत नाहीत. पोचू लागतील त्या दिवशी द्यावेत. तोवर किती वर्षे, असे मुनीरने विचारले. जेवढी लागतील तेवढी. तोवर कुणी हात लावू नये.

कलम ५. दुसऱ्या मजल्यावर सुलताना ओहायोन यांच्या स्वयंपाकघरातले निळे कपाट, आतला माल म्हणजे पीठ, रवा, शेवया, बिस्किटे, तिच्या नवऱ्याची अर्धी उरलेली दारूची बाटली, आणि कपाट उभे आहे तेवढी जमीन: हे सर्व माझ्या मालकीचे आहे.

इथे वकीलबाईंनी पेन खाली ठेवले, म्हणून खुलासा करते. वल्हांडणाच्या आठवड्यात यहुद्यांना आंबणारे धान्य खाता येत नाही, एवढेच नव्हे तर ते त्यांच्या मालकीचेही असून चालत नाही. म्हणून सणाआधी ते, ठेवलेल्या जागेसकट, परक्या धर्माच्या माणसाला विकतात आणि सण संपला की परत विकत घेतात. बाकीचे लोक हे काम त्यांच्या धर्मगुरूंवर सोपवतात. सुलतानाचा नवरा शिमऊन म्हणायचा, माल ज्याला विकायचा त्याचे तोंड तरी ओळखीचे असावे. तो रुमाल घेऊन वर यायचा, मी रुमालाचे टोक उचलायचे, की झाला व्यवहार. सही लागत नाही, त्यामुळे मला हा कायदा आवडला. मग कपाटाची किल्ली माझ्याकडे. आमच्या लोकांकडे अठ्ठेचाळीसच्या युद्धात गेलेल्या घरांच्या किल्ल्या असतात. माझ्याकडे यहुद्याच्या कपाटाची होती, आणि ती लागत होती.

शिमऊन गेल्यावर सुलताना येऊ लागली. ती आठवडाभर मला जिन्यात 'घरमालकीणबाई' म्हणून वाकून सलाम करायची. शेवटच्या रात्री मी पीठ, दूध आणि मध घेऊन खाली जायचे. त्यांच्या मोरोक्कोत, माराकेशला, मुसलमान शेजारी असेच जात. मी कपाट उघडून द्यायचे आणि ती तेलाच्या हाताने कागदासारख्या पातळ पोळ्या ओढून तव्यावर टाकायची. तिची अरबी मोरोक्कोची, माझी जाफाची, निम्मे कळायचे. भांडताना सगळे कळायचे.

युद्ध सुरू झाले त्या पहिल्याच सकाळी तिच्या भाचीचा मुलगा मारला गेला. मी खाली जाऊन तिच्याजवळ बसून आले. मग तिचा नातू यिनोन सैन्यातून गाझात गेला. तिकडेच माझी समीहा. तरी गेल्या वल्हांडणाला सुलताना रुमाल घेऊन आली, मी टोक उचलले, आणि दोघींनी दोघांची नावे काढली नाहीत. त्याच आठवड्यात समीहाची बातमी आली. सुलताना वर आली नाही.

शेवटच्या रात्री मी पीठ घेऊन गेले. का गेले ते मुनीर अजून विचारतो. माल तिचा होता, अडवून कशाला ठेवायचा? तिच्या दाराबाहेर यिनोनचे बूट होते. तो सुटीवर आला होता. बुटांना पांढरट माती होती. सुलतानाने दार उघडले, मला पाहिले, बुटांकडे पाहिले. म्हणाली, "नझीहा, आज नको."

मी म्हटले, "बरं." पीठ वर आले.

तेव्हापासून कपाट बंद आहे. कुलूप तोड, असे तिची मुलगी तिला म्हणाली. दुसऱ्याच्या मालाला मी हात लावत नाही, असे सुलतानाने तिला सुनावल्याचे मला जिन्यातून कळले. इकडे मुनीर म्हणाला, किल्ली तिच्या पत्रपेटीत टाक आणि मोकळी हो. मला मोकळे व्हायचे नव्हते. तर माझ्या पश्चात हे कपाट, आतला माल आणि खालची जमीन सुलताना हिला द्यावी.

कलम ६. शांततेविषयी. मुनीर म्हणतो ती होणे नाही. इब्तिसाम म्हणते होईल, आणि सभांना जाऊन सर्दी घेऊन येते. दोघे माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून भांडतात. आशा वारसाहक्काने देता येते का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, ती मालमत्तेत मोडत नाही. मग ज्याचे त्याने बघावे. मला फक्त दुसऱ्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंतचे कळते, आणि तेही वर्षभर जमलेले नाही.

यानंतर साक्षीदार हवे झाले. कोपऱ्यावरचे औषधवाले इलियास बवारशी आले. दुसरे कुणी सापडेना, म्हणून मुनीर मला न विचारता दुसऱ्या मजल्यावर जाऊन आला. ज्याने मला किल्ली टाकून दे म्हणून सांगितले, त्यानेच. सुलताना एप्रनवरच वर आली. न ऐकता सही करणार नाही म्हणाली, म्हणून सगळे पहिल्यापासून वाचले गेले. ग्रोसमानच्या उशीला ती हसली. पाचव्या कलमाला खाली बसली.

वकीलबाईंनी तिला समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केली तर ते कलम रद्द. कपाट हवे असेल तर सही नको.

सुलतानाने त्यांच्याकडे पाहिलेच नाही. मला म्हणाली, "मेल्यावर देणार होतीस?"

"जिवंतपणी तू येत नव्हतीस."

"पीठ घेऊन खाली तू यायचं असतं. रीत आहे ती."

"आले होते."

तिने चष्मा काढला आणि नुसताच हातात धरला. "समीहाच्या वेळी मी जिन्यात बसले होते गं. तुमच्याकडचं रडणं ऐकू येत होतं. पोरगं तिकडे होतं माझं. काय तोंड घेऊन वर येणार होते?"

"हेच. दुसरं कुठून आणणार होतीस?"

तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग तिने वकीलबाईंकडे पेन मागितले. कलम रद्द होईल, असे त्यांनी पुन्हा सांगितले. "होऊ दे," ती म्हणाली. "माझं पीठ मी मेलेल्या बाईकडून घेत नाही." मग मला: "शुक्रवारी रुमाल घेऊन येते, यंदाचाही माल आहे. शेवटच्या रात्री तू खाली ये."

यिनोन असेल का, असे मी विचारले. ती खाली न बघता म्हणाली, "असेल."

दारात उभा असलेला मुनीर हे ऐकून आतल्या खोलीत निघून गेला. त्या पोराची पाळण्यातली पहिली रजई मी भरली होती, हे मला त्या वेळी आठवायला नको होते, पण आठवले. मी म्हटले, "असू दे. पण समीहाची गोष्ट मी त्याला सांगणार. लग्नापासून शेवटापर्यंत. उठायचं नाही मधे."

"बसेल. आणि त्याला काही बोलायचं असलं तर?"

"ऐकेन. मला कुठं घाई आहे? छाती सोमवारी उघडणार आहेत."

तरी पाचवे कलम साक्षीदाराच्या सहीने रद्द झाले आहे. कपाट तूर्त माझ्याच मालकीचे असून व्यवहार सण संपेल त्या शनिवारी रात्री पुरा व्हायचा आहे. तोवर मरण्यास मला मनाई आहे, असे एक वाक्य घालायला मी सांगितले. हे कायद्यात बसत नाही असे वकीलबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते लिहिले.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते मी सांगितल्याप्रमाणेच आहे, म्हणून डाव्या हाताचा अंगठा.

नझीहा दाऊद सव्वाफ (अंगठा)

साक्षीदार, आमच्यादेखत अंगठा केला म्हणून:
१. इलियास बवारशी, औषधविक्रेते (सही)
२. सुलताना ओहायोन, दुसरा मजला (सही)

लिहिणार: सिरीन मन्सूर, वकील
ठिकाण: जाफा
मंगळवार, ८ एप्रिल २०२५