बांगलादेशचे पान आणि कळमेश्वरचे भाऊजी

मी, श्रीमती गोपिका मधुकरराव लांजेवार, वय ७४ वर्षे, धंदा घरकाम, राहणार प्रताप नगर, नागपूर, कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. पाय तेवढे ठिकाणावर राहत नाहीत. चार ओळी लिहिल्या की उठून खिडकीशी जाते आणि परत येईतो मत बदललेले असते. म्हणून याआधी लिहिलेली सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत, आणि हे मला पुन्हा वाचायला देऊ नये.

१. राहता फ्लॅट मुलगा रोशन याला. तो तसाही त्यालाच मिळणार होता, पण लिहिलेले बरे. बाल्कनीला काच लावून खोली काढायचे त्याने माझ्या हयातीत मनात आणू नये.

२. पाटल्या आणि गोफ सून मिनल हिला. तिने कधी मागितले नाहीत, म्हणून.

३. आता अल्बम. जीव अडकला आहे तो इथे. माझे यजमान नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होते. कलकत्त्याकडून येणारे ड्रायव्हर माझ्यासाठी जुनी पाकिटे आणत. लढाईनंतर ज्या मुलखाचा मालक बदलला, तिथली तिकिटे आणि रजिस्टर पत्रांवरची गावाच्या नावाची लेबले मी जमवली. डान्झिग नावाचे बंदर आधी जर्मनीचे, मग कोणाचेच नाही, पुन्हा जर्मनीचे, शेवटी पोलंडचे आणि नावही नवे. सगळे एकाच पानावर आहे. कोरियाच्या लढाईनंतर तिकडे गेलेल्या आपल्या फौजेसाठी आपल्याच तिकिटावर नागरीत ‘कोरिया’ छापले होते, तेही आहे. लोक म्हणत, बाई कधी गोंदियाच्या पुढे गेली नाही आणि हे काय वेड! वेडच. पण घर जागच्या जागी राहून ज्याचा देश बदलला, त्यानेही दुसऱ्या दिवशी उठून कोणाला तरी पत्र लिहिलेच की. मला ते पाहायला आवडते.

मागच्या दिवाळीत रोशनने एका व्यापाऱ्याला घरी आणले. तो म्हणाला, पाने सुटी करा, जर्मनीची जर्मनीत, पोलंडची पोलंडमध्ये, मग गिऱ्हाईक मिळेल. म्हणजे मी जन्मभर जे एका पानावर आणले, ते याने पुन्हा फोडायचे. हे होता कामा नये. पाने फोडणाऱ्याला माझा तळतळाट लागेल. याला कायद्यात काय म्हणतात ते वकिलांनी घालावे.

४. धाकटे दीर भैय्याजी, राहणार कळमेश्वर, यांना काहीही देऊ नये.

कारण लिहिते. बांगलादेश झाला तेव्हा नव्या देशाजवळ स्वतःची तिकिटे नव्हती. पोस्टात पडून असलेल्या पाकिस्तानी तिकिटांवर रबरी शिक्क्याने नवे नाव मारून तीच चालवली. तशी जेसोर-खुलन्याची पाकिटे माझ्याकडे आली होती. मग मी बाळंतपणाला माहेरी गेले. भैय्याजी तेव्हा आमच्याकडेच राहत. वहिनी यायच्या आत अल्बम लावून ठेवू, या हौसेने त्यांनी पाकिटांवरची तिकिटे परातीत कोमट पाण्यात भिजवली. तिकीट सोडवायची आमच्या घरची रीत तीच. पण शिक्क्याची शाई कच्ची. मी बाळ घेऊन दारात, आणि भाऊजी परात घेऊन समोर.

“वैनी, देशच धुऊन गेला न!”

पाणी जांभळे, आणि तळाशी पुन्हा पाकिस्तान. यजमान पोट धरून हसले. मी हसले नाही. त्या दिवसापासून मी भैय्याजींशी बोललेले नाही. ते कळमेश्वरला कारखान्यात लागले आणि तिकडेच राहिले. यजमान गेले तेव्हा आले होते, बाहेर पायरीवर बसून राहिले. मी आत बोलावले नाही.

५. कलम ४ रद्द.

त्या व्यापाऱ्याने धुतलेली तिकिटे चिमट्याने उचलून बाजूला टाकली. रोशन म्हणाला, “आई, हे तं साधे पाकिस्तानचे आहेत. काहून सांभाळून राहिली?” आणि त्याने ती केराच्या डब्यात टाकली. मी डब्यात हात घालून काढली. ती बांगलादेशची आहेत हे आता जगात दोघांनाच ठाऊक आहे, मला आणि ज्याने धुतली त्याला. तेव्हापासून मला चैन नाही. उठते, बसते, कलम लिहिते, खोडते. मला भाऊजींची आठवण येते, हे इथे स्पष्ट लिहिते. सबब संपूर्ण अल्बम, धुतलेल्या तिकिटांसह, एकही पान न फोडता, भैय्याजी यांना.

६. पुरवणी, सह्या होण्यापूर्वी लिहिलेली.

साक्षीदाराला समोर हजर राहावेच लागते, म्हणून साक्षीला मी भैय्याजींना बोलावले. दुसरे निमित्त सुचले नाही. ते आले. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष करू नये, पुढे भांडणे निघतात. तेव्हा भैय्याजींनी कागद मागून घेतला, कलम पाच वाचले, चष्मा पुसला आणि पेन उचलला.

“वैनी, मी सहीच करतो. अल्बम घ्याचा म्हणजे तुमच्या मराची वाट पाहाची. मले नाही जमत ते.”

“मंग आत्ताच घ्या न, भाऊजी. मी येत जाईन कळमेश्वरले, पाहाले. चहा पाजसान न?”

त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुन्हा पुसला. मिनलने पाणी आणून दिले.

अल्बम आज मी माझ्या हाताने त्यांच्या मांडीवर ठेवला आहे. सबब कलम ५ मध्ये देण्यासारखे काही उरलेले नाही आणि त्यांच्या साक्षीला कोणाची हरकत नसावी.

ठिकाण : नागपूर
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार : गोपिका मधुकरराव लांजेवार (सही)

यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, म्हणून साक्ष :

१. शोभाताई ठवकर, शेजारीण, प्रताप नगर (सही)

२. भैय्याजी लांजेवार, धाकटे दीर, कळमेश्वर (सही). या कागदातून मला काही मिळालेले नाही.